'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की माझी मोटरच ट्रिप होते, गुरुवारी इंटरव्ह्यू आहे

पऱ्हाटीतली_पोरगी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतीच वाचत होती, आज लिहायची वेळ आली. इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव दारव्ह्याकडं, यवतमाळ जिल्हा. येत्या गुरुवारी बुटीबोरीच्या एका कंपनीत डिप्लोमा ट्रेनीसाठी इंटरव्ह्यू आहे. कॉलेजातून ११ जणांची नावं गेली, त्यात मुली दोनच.

मागच्या महिन्यात दुसऱ्या एका ठिकाणी गेली होती. पहिलाच प्रश्न, टेल मी अबाउट युवरसेल्फ. पाठ होतं. माय नेम इज पासून निघाली ते माय हॉबीज आर रीडिंग बुक्स अँड लिसनिंग म्युझिक इथपर्यंत आली. सरांनी विचारलं, शेवटचं काय वाचलं? तर माझ्या तोंडून निघालं, "फवारणीच्या डब्यावरची माहिती". खरंच तेच वाचलं होतं हो, आदल्या दिवशी बाबांना वाचून दाखवली होती. तिघंही हसले. वाईट मनानं नसतील हसले, पण मग पुढचं काही आठवलंच नाही, दोन मिनिटांत बाहेर.

आता घोर असा की दुसऱ्या वर्षी मला वायडी (इयर डाऊन, म्हणजे वर्ष वाया) लागली. बाबा बंडीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं, ते पण ऐन वेचणीत, मग वावर, मजूर, हिशोब सगळं माझ्याकडंच आलं आणि चार विषय राहिले. हे सांगू का लपवू? त्यात बोलताना मधेच 'करून रायली' निघतं ते वेगळंच. आणि बूट नाहीत, सँडल आहे, चालते का? आमचे सर म्हणतात फर्स्ट इम्प्रेशन इज लास्ट इम्प्रेशन. माझं फर्स्ट तर फवारणीचा डबा झालं.

वऱ्हाडी_ठेचा | ९:५२

फवारणीच्या डब्यावरची माहिती 😂😂 बाप्पा बाप्पा. त्या साहेबाले इचारा लागत होतं, तुमी वाचली काय कधी? लाल तिकोन म्हंजे काय, पिवया म्हंजे काय, सांगा बरं.

पुण्यातला_वऱ्हाडी | १०:०५

ताई, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. मी बुलढाण्याचाच, १० वर्षं झाली पुण्यात. गावाकडचं रडगाणं इंटरव्ह्यूत अजिबात सांगू नका. बाबा पडले, दुष्काळ पडला, कापसाला भाव नाही, समोरच्यानं हे दिवसातून दहादा ऐकलेलं असतं. वायडी आपणहून काढायची नाही, विचारलं तर 'पर्सनल रीझन' म्हणायचं आणि पुढं सरकायचं. आणि भाषा सुधारा. कटू आहे पण खरं आहे.

वऱ्हाडी_ठेचा | १०:०९

दहा वर्षांत तुमची भाषा सुधरली, सोभाव बाकी हाय वाट्टे.

लालडब्बा | १०:३१

बाकीचं मले समजत नाई, बसचं सांगतो. यवतमाळहून नागपूरची गाडी कळंब, वर्धा करत बुटीबोरीवरूनच जाते, नागपूरले जाऊन उलटं याची गरज नाई. १० चा इंटरव्ह्यू असन तं पहिली गाडी पकडजो. दुसरीच्या भरोशावर राहू नको, टायर कुठी बसन सांगता येत नाई, हे मी स्टेरिंगवर बसणारा सांगून रायलो. १७ मार्च २०२३ पासून बायांले अर्धं तिकीट हायच. कागदपत्रं पन्नीत घाल, खिडकीची काच लागत नाई अन् पाऊस आला तं मार्कशीटचा लगदा होते. पाह्यलंय डोयानं, पोट्टं रडत होतं.

नागपूरची_एचआर | ११:१४

मी एका कारखान्याच्या एचआरमध्ये आहे, ९ वर्षं झाली. पुण्यातल्या दादांशी अर्धी सहमत. रडगाणं नको हे बरोबर, पण 'पर्सनल रीझन' हे त्याहून वाईट. ते ऐकलं की आमच्या डोक्यात शंभर कारणं येतात आणि त्यातलं एकही चांगलं नसतं. गुणपत्रिकेवर वायडी दिसतेच, लपवणार काय? एका वाक्यात सांगायचं: वडिलांचा अपघात झाला, त्या हंगामात शेती मी सांभाळली, पुढच्या वर्षी सगळे विषय काढले. बस. तिथं थांबायचं. आवाज जड करायचा नाही, डोळे पुसायचे नाहीत. समोरचा पुढं विचारेल, नाही विचारलं तर विषय संपला.

आता तो डबा. अगं, ते उत्तर चुकीचं नव्हतंच! दिवसभरात ४० पोरं बसतात समोर, त्यातल्या ३५ जणांची हॉबी लिसनिंग म्युझिक असते. एक पोरगी सांगते मी औषधाच्या डब्यावरचं लेबल वाचते, तर मी खुर्चीत सरळ बसले असते. तू तिथं घाबरलीस म्हणून ते विनोदी झालं. पुढं एवढंच म्हणायचं होतं, "सर, लाल, पिवळा, निळा, हिरवा असा विषारीपणा उतरत जातो, बाबांना वाचता येत नाही म्हणून मी वाचते." झालं, कारखान्यात आम्हाला हेच हवं असतं. पॅनलवरची सूचना वाचणारा माणूस सापडत नाही.

आणि बाई, पाठ करू नकोस. पाठ केलेलं पहिल्या शब्दाला कळतं, सूरच बदलतो, शाळेतल्या प्रतिज्ञेसारखा. एखादं खरं काम घे आणि सांग: अडचण काय होती, तुझ्यावर काय आलं, तू काय केलंस, शेवटी काय झालं. आमच्यात याला स्टार पद्धत म्हणतात.

अर्धवट_इंजिनिअर | ११:२०

स्टार आहे, मग डेल्टा कुठं गेला? (इलेक्ट्रिकलवाल्यांनाच कळेल, बाकीच्यांनी झोपा)

नागपूरची_एचआर | ११:२२

डेल्टा टेक्निकल राउंडला. :)

रिटायर्ड_मास्तर | मंगळवार, सकाळी ६:१०

सर्वांचे विचार वाचले. मुलाखत ही कला आहे. माझ्या काळी नोकरीला मुलाखत नव्हती असे नाही, परंतु संस्थाचालकांच्या ओसरीवर होत असे व प्रश्न एकच असे, तो येथे लिहिण्यासारखा नाही. सांप्रत राज्यसेवेची मुलाखत २७५ गुणांची आहे, मुख्य परीक्षा १७५० ची, म्हणजे मुलाखतीचे वजन ध्यानात घ्या. तेथे उमेदवाराला त्याच्या गावाविषयी, तालुक्याविषयी हमखास विचारतात. आपल्या गावाची नदी कोठून निघते हे न सांगता येणारे पदवीधर मी पाहिले आहेत. मुलीने कंपनीची माहिती वाचून जावे, तशीच स्वतःच्या तालुक्याचीही. दारव्ह्यावरून पूर्वी शकुंतला रेल्वे जात असे, यवतमाळ ते मूर्तिजापूर, हे तरी ठाऊक असावे.

वऱ्हाडी_ठेचा | ६:४५

मास्तर, कंपनीवाले शकुंतला नाई इचारत. रिले इचारतात.

सोयाबीन_साडेचार | ७:३०

कायले एवढं टेन्शन घेता, सरकारी भरती पाहा. केंद्रात ग्रुप सी ला १ जानेवारी २०१६ पासून मुलाखतच बंद केली, पेपर द्या अन् या. बँकेत क्लार्कले नाई, पीओले (अधिकारी) हाय, ते पण बहुतेक सरकारी बँकांत ८०:२० नं धरतात, म्हंजे ८० पेपरचे. तोंड चाललं नाई तरी पेन चालला पायजे.

अर्धवट_इंजिनिअर | ७:४१

@सोयाबीन, पाच वर्षं तोच पेन चालवतोय भाऊ. तिला गुरुवारी इंटरव्ह्यू आहे, पाच वर्षांनी नाही.

बुटीबोरीवाला | दुपारी १:२५

जेवणाच्या सुट्टीत लिहितो, मोठं होईल. बुटीबोरीतच मेंटेनन्सला आहे १४ वर्षं, टेक्निकल राउंडला मीच बसतो (तुझी कंपनी नाही, निश्चिंत राहा). काय विचारतो ते सांगतो.

डीओएल (मोटर थेट लाइनवर सुरू करणं) अन् स्टार-डेल्टा (आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टावर नेणं) यांतला फरक. सगळे सांगतात 'स्टार्टिंग करंट कमी होते'. किती कमी? का? इथं ७० टक्के पोरं भिंतीकडं पाहतात. डीओएलनं मोटर सुरू होताना फुल लोडच्या साधारण सहा-सात पट करंट ओढते, स्टारमध्ये सुरू केली की लाइन करंट एक तृतीयांश होते. पण सोबत टॉर्क पण एक तृतीयांश होतो, हे कोणीच सांगत नाही, आणि मी त्याचीच वाट पाहत असतो. मग ओव्हरलोड रिले (करंट जास्त झालं की मोटर ट्रिप करणारा) किती वर सेट करशील, मेगर कशाला लावतात, आरसीसीबी अन् एमसीबी एकच का, असं साधं साधं. काम करताना सप्लाय बंद केला, दुसऱ्या कोणी येऊन चालू करू नये म्हणून काय करशील? कुलूप अन् टॅग. हे उत्तर आलं की माझे अर्धे मार्क पडले समज.

इंग्रजीचं म्हणशील तर शॉप फ्लोअरवर हिंदी चालते, आमचा हेल्पर बिहारचा, ऑपरेटर भंडाऱ्याचा, साहेब तेलुगू. 'करून रायली' म्हटलीस तर फक्त मी हसीन, कारण मी पण घरी तेच बोलतो. पण नाही येत त्याला नाही येत म्हण. मागच्या वेळी एका पोराला व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) विचारला, त्यानं मला दहा मिनिटं काहीतरी गोल गोल सांगितलं, शेवटी कळलं तो यूपीएसबद्दल बोलत होता.

झाडीपट्टी | १:५८

भाषेवरून आठवलं. मी गडचिरोलीकडचा, कोल्हापूरला इंटरव्ह्यूला गेलतो. सेफ्टीचा प्रश्न आला, अपघात पाहिला का? मी जोशात सांगितलं, हेल्परच्या टोंगळ्याले लागलं, टोंगळा फुटला. पॅनेल गप्प. एक मॅडम हळूच म्हणाल्या, "कोणता व्हॉल्व्ह तो?" त्यांना वाटलं टोंगळा मशीनचा पार्ट आहे. मी उभा राहून गुडघा दाखवला. निवड झाली, अजून तिथं मला टोंगळेच म्हणतात.

पुण्यातला_वऱ्हाडी | २:१०

हे म्हणजे माझाच मुद्दा झाला ना. 'गुडघा' म्हटलं असतं तर हा घोळच नव्हता.

झाडीपट्टी | २:१३

गुडघा म्हटलं असतं तर त्यांना माझा इंटरव्ह्यू आठवला पण नसता भाऊ.

दोन_लेकरांची_आई | ४:४०

बेटा, तुझे पाय किती नंबरचे? माझ्या पोरीचे काळे बंद बूट आहेत, ५ नंबर, दोनदाच घातलेले. मी यवतमाळलाच राहते. सँडलही चालते म्हणा, पण कारखान्यात आत नेलं तर उघड्या पायानं सोडत नाहीत.

बुटीबोरीवाला | ४:५५

मावशीचं बरोबर. सँडलवाल्याला आम्ही प्लांटच्या दारातूनच परत फिरवतो, मग तो काय इम्प्रेशन पाडणार. केस बांधलेले, ओढणी लोंबकळणारी नको, हातात कडं-अंगठी नको. टायची काही गरज नाही, उलट फिरत्या मशीनजवळ टायवाला दिसला की आम्हालाच धडकी भरते.

पऱ्हाटीतली_पोरगी | मंगळवार, रात्री ८:५०

सगळ्यांचे खूप आभार. मावशी, ५ नंबरच. मेसेज केला तुम्हाला.

एचआर ताईंनी सांगितलं तसं लिहून पाहिलं, वाचा जरा. "आमच्या विहिरीवर ५ एचपीची मोटर आहे. मागच्या उन्हाळ्यात ती दोनदा जळली, दोनदा वाइंडिंग केली. वाइंडिंगवाले म्हणत मोटरच खराब, नवी घ्या. मी स्टार्टर उघडून पाहिला तर आधी सारखी ट्रिप होते म्हणून कोणीतरी मोठ्या रेंजचा रिले बसवून १२ अँपिअरवर ठेवला होता. नेमप्लेटवर साडेसात होते. बरोबर रिले आणून साडेसातवर सेट केला, तर मोटर परत ट्रिप. मग टेस्टरनं न पाहता मीटरनं पाहिलं, एक फेज येतच नव्हती, ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरचा एक किटकॅट फ्यूज उडालेला. म्हणजे मोटर दोन फेजवर चालून जळत होती आणि रिले मोठा म्हणून वाचवत नव्हता. त्या दिवसापासून मोटर जळली नाही."

बरं वाटते का? का उगाच कामगार वाटते?

बुटीबोरीवाला | ९:०२

अगं पोरी, हे तू मागच्या इंटरव्ह्यूत काहून नाही सांगितलं??? लिसनिंग म्युझिक म्हणे!

फक्त एक सांग, डीपीवर कोण चढलं?

पऱ्हाटीतली_पोरगी | ९:०४

लाइनमनला फोन केला. दोन दिवसांनी आला.

बुटीबोरीवाला | ९:०५

शाब्बास. हे वाक्य आवर्जून सांगजो. गावात निम्मे लोक काठीनं फ्यूज बसवतात, तू बसवलास म्हणालीस की तिथंच फुली. अन् सिंगल फेजिंग हा शब्द वापर, उरलेल्या दोन फेजवर करंट चढते हे सांग. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारा) का नाही लावला विचारतील.

पऱ्हाटीतली_पोरगी | ९:०७

पैसे नव्हते.

नागपूरची_एचआर | ९:१५

तेच सांग, अगदी याच दोन शब्दांत.

पुण्यातला_वऱ्हाडी | ९:३०

मान्य. हे रडगाणं नाही. मी शब्द मागे घेतो. तरी इंग्रजीत दोन ओळी तयार ठेवा, पहिली दोन वाक्यं इंग्रजीत गेली की पुढं हिंदीत आलं तरी चालतं.

वऱ्हाडी_ठेचा | ९:३२

पुन्यानं शब्द मागं घेतला. धागा पिन करा रे.

अर्धवट_इंजिनिअर | १०:१०

थोडं अवांतर पण ताईच्या कामाचं. कंपनीच्या नावानं फोन येतात, 'सिलेक्ट झाला, साडेतीन हजार रजिस्ट्रेशन भरा, युनिफॉर्मचे भरा'. मी भरलेत. पुण्याला ज्या पत्त्यावर गेलो तिथं मोबाईल कव्हरचं दुकान होतं. नोकरी देणारा कधी पैसे मागत नाही, आणि ओरिजिनल मार्कशीट कोणाच्या ताब्यात ठेवायची नाही, दाखवायची अन् परत घ्यायची. ट्रेनी आहे का अप्रेंटिस हे पण विचारून घे. १९६१ च्या कायद्यातली अप्रेंटिसशिप असली तर स्टायपेंड मिळतो, पीएफ कापत नाहीत, कामगार म्हणून धरत नाहीत. वाईट नाही ते, पण माहीत पाहिजे.

नागपूरची_एचआर | १०:२५

+१. शेवटी "काही विचारायचं आहे का" म्हणतात तेव्हा हेच विचारावं, आणि ट्रेनिंगमध्ये कोणत्या विभागात काम मिळेल ते. "नो सर" म्हणून उठू नये. पगार मात्र आपणहून पहिल्या पाच मिनिटांत नको. आणि गुरुवारी नाही जमलं तर महास्वयं पोर्टल पाहून ठेव, मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ ला आली तेव्हा डिप्लोमावाल्यांना महिन्याला ८,००० ठरलेत, अनुभव तरी मिळतो.

पऱ्हाटीतली_पोरगी | गुरुवार, रात्री ९:२०

आली घरी. पाय दुखून रायले, बूट मस्त बसले पण.

पहिली गाडी पकडली, पावणेनऊला गेटवर. बाकीचे पोरं साडेदहाला आले, त्यांची गाडी सेलूजवळ बंद पडली होती (लालडब्बा काका 🙏). आत तीन जण. टेल मी अबाउट युवरसेल्फ. दोन वाक्यं इंग्रजीत म्हटली, मग विचारलं, सर हिंदीत सांगू का. म्हणाले सांगो. मोटरचं सांगितलं. हिंदी पण अशी की "मोटर जल के रही थी" निघालं. मधल्या सरांनी विचारलं लाइनमन दोन दिवस नाही आला तोवर पाण्याचं काय केलं? मी म्हटलं शेजारच्या काकांच्या विहिरीवरून पाइप टाकला, त्यांना बदल्यात डवरणीला दोन दिवस बैल दिले. ते लिहून घेतलं त्यांनी, काय लिहिलं देव जाणे.

स्टार-डेल्टा विचारलं. करंट एक तृतीयांश सांगितलं आणि टॉर्क विसरली!!! बाहेर आल्यावर आठवलं. व्हीएफडी विचारला, म्हटलं सर पुस्तकात चित्र पाहिलं, हात लावला नाही. वायडीचं एकाच वाक्यात सांगितलं, त्यांनी मान हलवली, पुढं काही नाही.

मग एक सर पॅनल रूममध्ये घेऊन गेले, म्हणाले इथं काय चुकीचं दिसतं. मला दोन मिनिटं काहीच दिसेना. मग खाली पाहिलं, तर पॅनलसमोरची रबर मॅट गुंडाळून कोपऱ्यात उभी. ते सांगितलं. ते हसले आणि मॅट पायानं उलगडून टाकली. आता मला कळत नाही ती मुद्दाम ठेवली होती की खरंच तशी होती.

शेवटी 'कळवतो' म्हणाले.

बुटीबोरीवाला | ९:३१

खरंच तशी असते 😂 झाडू मारणारा गुंडाळतो, परत कोणी टाकत नाही. आमच्याकडची आताच जाऊन पाहतो.

टॉर्क विसरलीस, चालते. मी पण माझ्या इंटरव्ह्यूत विसरलो होतो, म्हणून तर सगळ्यांना विचारतो.

रिटायर्ड_मास्तर | शुक्रवार, सकाळी ५:५०

'कळवतो' या शब्दाचा अर्थ लग्नाच्या बोलणीत व नोकरीत एकच असतो.

दोन_लेकरांची_आई | ८:१५

मास्तर, सकाळी सकाळी कुठं पोरीला घाबरवता. बेटा, आठ दिवस वाट पाह्य, मग एक साधा मेल टाक.

पऱ्हाटीतली_पोरगी | ११ दिवसांनी, संध्याकाळी ६:०५

मेल आला. पाच जण घेतले, माझं नाव चौथं. दुसरी मुलगी पण आहे, ती दुसरी. ट्रेनीच आहे, अप्रेंटिस नाही. सोमवारी मेडिकल, त्यात रंग ओळखायची टेस्ट असते म्हणे, ती ठिपक्या-ठिपक्यांतला आकडा वाचायची, कोणी दिली का?

मावशी, बूट सोमवारपर्यंत राहू द्या.

दोन_लेकरांची_आई | ६:१२

पहिल्या पगारापर्यंत राहू दे.

बुटीबोरीवाला | ६:२०

अभिनंदन! ती टेस्ट आम्हा सगळ्यांची झाली, वायरिंगवाल्याला लाल-हिरवा कळला पाहिजे ना. चष्मा असेल तर लावून जा.

वऱ्हाडी_ठेचा | ६:२४

पार्टी पायजे, तर्री पोहे चालतीन. अन् हे कोनी इचारलंच नाई, तो फवारणीचा डबा कोन्त्या रंगाचा होता?

पऱ्हाटीतली_पोरगी | ६:३०

निळा. पण बाबांनी तरी तोंडाला रुमाल बांधला नव्हता.